बीर-बिलिंगची कौटुंबिक सहल : दिवाळीची सुट्टी की मे महिना, आणि सोलो उड्डाण करावे का?

पवनाकाठ :

नमस्कार. गेल्या हिवाळ्यात मी कामशेतला पॅराग्लायडिंगचे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण केले आणि तेव्हापासून तिथल्याच टेकड्यांवर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली सोलो, म्हणजे एकटीने, उड्डाणे करीत आहे. आता घरच्या सर्वांना घेऊन हिमाचल प्रदेशात, कांगडा जिल्ह्यातील बीर-बिलिंग येथे आठवडाभराची सुट्टी घालवावी असा विचार आहे. सोबत यजमान, अकरा वर्षांचा मुलगा आणि चौसष्ट वर्षांच्या माझ्या आई असतील. यजमानांना आणि मुलाला टँडेम उड्डाण (वैमानिकासोबत प्रवासी म्हणून) करायचेच आहे. आईही उत्सुक आहेत; त्यांचा रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात आहे, मात्र एका गुडघ्याची झीज झाली आहे. मुलाचे वजन तीस किलोच्या आसपास आहे.

शाळेमुळे आमच्यापुढे दोनच पर्याय आहेत, दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना. यांपैकी कोणता काळ योग्य ठरेल? पुण्याहून कसे जावे? किती दिवस हाताशी ठेवावेत? आणि माझ्यापुरता मुख्य प्रश्न असा, की माझ्याजवळ सुरुवातीच्या वैमानिकांसाठीचे, ईएन-ए वर्गातले ग्लायडर आहे; ते घेऊन बिलिंगवरून सोलो उडण्याइतकी माझी तयारी झाली आहे का, हे मी कशावरून ठरवावे? प्रत्यक्ष तिथे उडलेल्यांनी मनमोकळेपणाने सांगावे, उत्तर नकारार्थी असले तरीही.

ऊर्ध्ववात :

ताई, दिवाळीची सुट्टी निवडा. हिमाचलात दरवर्षी १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात पॅराग्लायडिंग बंद असते. पाऊस सरल्यानंतर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये तिथली हवा निवळलेली असते, दृश्यमानता उत्तम असते आणि थर्मल (तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत) असतात पण ते बहुधा सौम्य असतात. मे महिन्यात जमीन तापलेली, वरची हवा थंड आणि त्यामुळे थर्मल तीव्र, अशी स्थिती असते. ढगांचा तळ उंच जातो, लांब पल्ल्याचे उड्डाण करणाऱ्या अनुभवी वैमानिकांना तो काळ आवडतो, परंतु दुपारनंतर तिथल्या धौलाधार पर्वतरांगेवर गडगडाटी ढग उभे राहण्याचा धोकाही त्याच काळात असतो. कुटुंबासोबतच्या पहिल्या सहलीसाठी आणि पर्वतातल्या पहिल्या उड्डाणासाठी शरद ऋतूच योग्य. एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. याच दिवसांत जगभरातले वैमानिक तिथे येतात, आणि आकाशात एका वेळी जी गर्दी असते तशी तुम्ही कामशेतला पाहिलेली नसेल. पॅराग्लायडिंग विश्वचषकाची स्पर्धा २०१५ मध्ये बीरला भरली होती, ती ऑक्टोबरमध्येच.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. कामशेतला आपण बहुतांशी डोंगराच्या धारेवर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर उडतो. वारा ठरावीक दिशेने वाहतो, उंची काही शे फूट असते आणि लँडिंगची जागा डोळ्यांसमोर असते. बिलिंगचे टेक-ऑफ सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे आणि खाली बीरचे लँडिंग त्याहून साधारण हजार मीटर खाली. डोंगराची दक्षिणेकडची बाजू उन्हाने तापते आणि हवा तिथून तुकड्यातुकड्यांनी वर उसळते. टेक-ऑफवर समोरून येणारा वारा हा पुष्कळदा त्या थर्मलचाच एक भाग असतो. म्हणून तो क्षणात वाढतो, क्षणात पडतो, आणि मधूनच मागून येतो. टेक-ऑफवर उभे राहून पंधरा-वीस मिनिटे केवळ वाऱ्याची फीत पाहत राहिलात, तर या चक्राची लय तुमच्या लक्षात येईल. ती लक्षात येईपर्यंत ग्लायडर पसरू नये, असे माझे मत आहे.

उंचीचा आणखी एक परिणाम असा, की हवा विरळ असल्यामुळे ग्लायडरचा जमिनीवरचा वेग कामशेतच्या तुलनेत जवळपास दहा टक्क्यांनी जास्त भरतो. वारा पडलेला असताना टेक-ऑफला तुम्हाला सवयीपेक्षा अधिक वेगाने आणि अधिक अंतर धावावे लागते. अर्ध्यात धावणे थांबवून हार्नेसमध्ये (अंगावर बांधायच्या पट्ट्यांच्या आसनात) बसण्याची घाई करणारे नवखे वैमानिक तिथे टेक-ऑफखालच्या झाडोऱ्यात जातात, हे मी अनेक हंगामांत पाहत आलो आहे.

तयारी ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे. रिव्हर्स लाँच (ग्लायडरकडे तोंड करून ते वर उचलणे आणि मग वळून निघणे) दहापैकी नऊ-दहा वेळा नीट होते का? प्रशिक्षकाने वॉकी-टॉकीवर काहीही न सांगता तुम्ही लँडिंगचा मार्ग स्वतः आखून ठरलेल्या जागेच्या आसपास उतरता का? ग्लायडरची एक बाजू दुमडली, तर आधी दिशा सांभाळायची आणि मग ती बाजू उघडायची, हा क्रम हातात भिनला आहे का? या तिन्हींचे उत्तर होय असेल तर बिलिंगवरून सकाळचे सरळ उड्डाण करायला हरकत नाही. सरळ उड्डाण म्हणजे टेक-ऑफ, दरीवरून शांतपणे बाहेर येणे, लँडिंगच्या जागेवर उंची कमी करणे आणि उतरणे. ग्लायडर सेकंदाला साधारण एक मीटर खाली येते असे धरले तर हे उड्डाण पंधरा मिनिटांचे होते. सकाळी ऊन पुरेसे चढण्याआधी ते केल्यास हवा बरीचशी संथ मिळते. पहिले दोन-तीन दिवस एवढेच करावे. थर्मलमध्ये वर्तुळे घेत वर चढणे, धारेने पश्चिमेला पालमपूर, धर्मशाळेकडे जाणे, या गोष्टी पर्वतीय उड्डाण शिकवणाऱ्या मार्गदर्शकाच्या सोबतीनेच कराव्यात, त्याही नंतरच्या दिवसांत. तसे मार्गदर्शक हंगामात बीरला असतात; मात्र जागा लवकर भरतात, त्यामुळे आतापासूनच बोलणी करा आणि तुमची खरी उड्डाणवही त्यांना दाखवा.

टेक-ऑफवर गर्दी असली, कुणी मागून 'निघा, वारा आला आहे' असे म्हणाले, तरी निघण्याचा निर्णय तुमचाच असला पाहिजे. ग्लायडर गुंडाळून गाडीने खाली उतरणारे वैमानिक बिलिंगला रोज दिसतात, आणि त्यांत अत्यंत अनुभवी मंडळी असतात.

पालमपूरवासी :

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षे पालमपूरला राहत आहोत आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सहली आखून देणे हे माझ्याकडे ओघानेच आले आहे. म्हणून प्रवासाचे मी सांगते.

पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस पठाणकोट कॅंट स्थानकावर थांबते. तिथून बीर सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि टॅक्सीने चार ते पाच तास लागतात. वेळ हाताशी असेल आणि मुलाला रेल्वेची आवड असेल तर हा मार्ग उत्तम, पण आईंच्या दृष्टीने तो लांबचा आहे. दुसरा मार्ग विमानाने दिल्ली आणि तिथून रात्रभराची बस; दिल्लीहून अकरा-बारा तास लागतात. काही बस थेट बीरला जातात, तर काही मंडी-पठाणकोट महामार्गावरच्या बीर रोड या थांब्यावर किंवा बैजनाथला सोडतात, ते तिकीट काढताना विचारून घ्या. तिसरा मार्ग दिल्लीहून विमानाने गग्गलला, म्हणजे कांगडा विमानतळाला यायचे. तिथून बीर पासष्ट-सत्तर किलोमीटरवर आहे. आईंसाठी हाच सर्वांत सोयीचा. मात्र इथे लहान विमाने येतात आणि हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे परतीच्या प्रवासात गग्गलचे विमान आणि दिल्लीहून पुण्याचे विमान एकाच दिवशी जोडून ठेवू नका. मध्ये एक रात्र दिल्लीत ठेवल्यास जिवाला घोर राहत नाही.

पठाणकोट ते जोगिंदरनगर ही अरुंद रुळांची छोटी रेल्वे १९२९ पासूनची आहे आणि बीरच्या पायथ्याशी असलेले अहजू हे तिच्यावरचे एक स्थानक. पुष्कळ जण हौसेने तिचा विचार करतात. ऑगस्ट २०२२ मध्ये पुरात चक्की नदीवरचा तिचा पूल कोसळला. त्यामुळे ती पूर्ण मार्गावर चालू आहे असे गृहीत धरून प्रवासाची आखणी करू नये. तिथे पोहोचल्यावर एखाद्या टप्प्यावर गाडी मिळाली तर आनंदाने बसावे.

निवासाबद्दल सांगायचे तर, बीरमध्ये चौगान म्हणजे लँडिंगच्या मैदानाभोवतीचा भाग गजबजलेला असतो. तुम्हाला तिथे राहणे सोयीचे, कारण पहाटे गाडी तिथूनच मिळते. पण आईंना शांतता हवी असेल तर गुनेहरच्या बाजूला किंवा तिबेटी वसाहतीच्या कडेला घर पाहा. बीरहून बिलिंगला जाणारा रस्ता चौदा किलोमीटरचा आणि वळणावळणांचा आहे, पाऊण तास लागतो. मुलाला गाडी लागत असेल तर वर चढण्याआधी त्याला पोटभर खायला देऊ नका.

ऑक्टोबरात या रस्त्यावर एक देखणा प्रकार पाहायला मिळतो. उन्हाळाभर थमसर खिंडीपलीकडे बडा भंगालकडे गेलेले गद्दी मेंढपाळ थंडी सुरू होताना आपले कळप घेऊन खाली उतरतात. शेकडो मेंढ्या आणि बकऱ्या रस्ता भरून येतात, पुढे-मागे दांडगी कुत्री असतात, नुकत्याच जन्मलेल्या कोकराला मेंढपाळाने लोकरी चोळ्याच्या आत, कमरेच्या दोरीवर बसवलेले असते, फक्त तोंड बाहेर. गाडी थांबवून वाट द्यावी, भोंगा वाजवू नये.

उड्डाण न झालेल्या दिवसांची सोय आधीच करून ठेवा. बैजनाथचे शिवमंदिर १२०४ सालचे आहे, बीरहून अर्ध्या तासाच्या अंतरावर. त्याच्या भिंतींवरचे कोरीव काम सावकाश पाहण्याजोगे आहे. अंद्रेट्टाला कुंभारकाम आणि चित्रकार सोभा सिंग यांचे कलादालन आहे. पालमपूरचे चहाचे मळे, शेराबलिंगचा मठ, बरोटची उहल नदी, यांतले प्रत्येक ठिकाण एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. जेवणात कुठे लग्नाची किंवा देवळातली 'धाम', म्हणजे इथली पारंपरिक पंगत, मिळाली तर जमिनीवर मांडी घालून पत्रावळीवर जेवा. दह्यात शिजवलेला हरभऱ्याचा मदरा आपल्याकडच्या लोकांना हमखास आवडतो.

अजिंक्यतारा :

मी साताऱ्यात अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि पाचगणीच्या पठारांवर उडताना जखमी झालेले काही रुग्ण माझ्याकडे आलेले आहेत, म्हणून आईंच्या आणि मुलाच्या बाजूने लिहितो.

पॅराग्लायडिंगमध्ये सर्वाधिक दुखापती टेक-ऑफ आणि लँडिंग या वेळी होतात आणि त्या मुख्यतः घोट्याच्या व पाठीच्या कण्याच्या असतात. बसलेल्या स्थितीत जोराने जमिनीवर आपटल्यास छातीचा कणा आणि कंबरेचा कणा जिथे जुळतो तिथला मणका दबतो. साठीनंतरच्या स्त्रियांमध्ये हाडे ठिसूळ झालेली असतील तर त्यासाठी फार मोठा आघातही लागत नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी आईंची हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. घनता फारच कमी निघाली तर टँडेमचा विचार सोडून द्यावा. रक्तदाब नियंत्रणात असेल तर केवळ त्या कारणाने मी नाही म्हणणार नाही; मात्र रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा चक्कर येत असेल, तर संबंधित डॉक्टरांना विचारल्याशिवाय उडू नये.

गुडघ्याची झीज असली तरी उतारावर दहा-बारा पावले भरभर टाकता येतात का, हे घरीच तपासता येईल. एखाद्या गवताळ उतारावर त्यांना चालवून, मग हलके पळवून पाहा. टँडेममध्ये वैमानिक मागे असतो आणि प्रवाशाने थांबायचे नसते. अर्ध्यावर बसकण मारणारा प्रवासी दोघांनाही संकटात टाकतो. लँडिंगच्या वेळी वैमानिक बहुतेकदा पाय वर उचलायला सांगतात किंवा उभे राहायला सांगतात. आपल्या बाबतीत काय करायचे, हे वर असतानाच नव्हे तर निघण्यापूर्वी जमिनीवर विचारून घ्यावे. घोट्यापर्यंतचे, जाड तळव्याचे बूट सर्वांनी घालावेत.

मुलाचे वजन कमी आहे ही बाब वैमानिकाला आधी सांगितली पाहिजे. टँडेम ग्लायडरला किमान आणि कमाल वजनाची मर्यादा ठरवून दिलेली असते. एकत्रित वजन किमान मर्यादेपेक्षा कमी भरले तर कापडातला ताण कमी होतो आणि ग्लायडर झोतांनी अधिक हलते. अशा प्रवाशासाठी लहान आकाराचे ग्लायडर लागते. ते उपलब्ध नसेल तर शांत हवेच्या वेळेपर्यंत थांबणे किंवा उड्डाण रद्द करणे, हेच योग्य. वयाची अटही आधी विचारून घ्या, तिथे पोहोचल्यावर मुलाचा हिरमोड नको.

जवळचे उपचार कुठे मिळतील हेही लिहून ठेवा. प्राथमिक उपचार बैजनाथ आणि पालमपूरला मिळतात, पण मणक्याच्या दुखापतीसाठी टांड्याचे राजेंद्र प्रसाद शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. ते अंतर रस्त्याने दीड-दोन तासांचे आहे. पडलेल्या माणसाला पाठीत दुखत असेल तर त्याला उठवून बसवू नये, सपाट फळीवर आडवे ठेवूनच हलवावे.

ईझारकाठ :

मी गेली बरीच वर्षे म्यूनिकला राहतो, आल्प्समध्ये उडतो आणि सुट्टीत भारतात आलो की बीरला जातो. वर ऊर्ध्ववात यांनी उड्डाणाविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. आल्प्समधून येणाऱ्यांना आणि इथल्या नव्या वैमानिकांना ज्या गोष्टी तिथे गेल्यावर कळतात, त्या आधी सांगतो.

स्वित्झर्लंडमध्ये डोंगरात कुणी पडले तर 'रेगा' या बचावसंस्थेचे हेलिकॉप्टर थोड्याच वेळात वर येते. बीरच्या मागच्या डोंगररांगांत तसे घडेल असे धरून चालू नये. तिथे शोध घेणाऱ्या माणसांना पायी चढून जावे लागते आणि एखाद्या खोल नाळेत ग्लायडर उतरले तर ते वरूनही दिसत नाही. अलीकडच्या वर्षांत शरद ऋतूत तिथे अनुभवी परदेशी वैमानिकांचेही मृत्यू झाले आहेत. म्हणून पुढच्या धारेवरच उडावे, मागच्या उंच शिखरांकडे जाऊ नये, आणि लँडिंगचे मैदान सदैव ग्लाइडच्या, म्हणजे आणखी न चढता तरंगत पोहोचण्याच्या, आवाक्यात ठेवावे.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे, उदाहरणार्थ गार्मिनचे इनरीच, युरोपात आम्ही सर्रास वापरतो. भारतात ती परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर अशा यंत्रांमुळे प्रवाशांना ताब्यात घेण्यात आले आहे. परदेशातून येणाऱ्या कुणा मित्राने भेट म्हणून दिले तरी ते सोबत नेऊ नका. त्याऐवजी मोबाइलवर स्थान कळवत राहणारे उड्डाणाचे ॲप चालू ठेवा, आणि पूर्ण भरलेली पॉवर बँक हार्नेसमध्ये ठेवा. किती वाजता निघणार आणि किती वाजेपर्यंत संपर्क न झाल्यास शोध सुरू करायचा, हे यजमानांना लिहून द्या.

विम्याकडेही नीट पाहा. बहुतेक प्रवास विमा योजनांमध्ये पॅराग्लायडिंग वगळलेले असते, आणि टँडेमचा प्रवासी व स्वतः उडणारा वैमानिक यांच्यासाठी अटी वेगवेगळ्या असतात. अटींचा कागद पूर्ण वाचून, शंका असेल तर कंपनीकडून लेखी उत्तर घेऊन मगच हप्ता भरावा.

गर्दीतले नियम आपल्या हातात असावेत. धारेवर दोन ग्लायडर समोरासमोर आले तर ज्याच्या डाव्या हाताला डोंगर आहे त्याने उजवीकडे वळून वाट द्यायची, कारण त्याला मोकळी जागा असते. थर्मलमध्ये आधी शिरलेल्याने जी दिशा धरली असेल तीच दिशा सर्वांनी धरायची. वळण्याआधी खांद्यावरून मागे पाहण्याची सवय कामशेतलाच लावून घ्या.

पवनाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी सुचवलेली तपासणी पुढच्याच आठवड्यात करून घेणार आहोत, आणि आईंचे उड्डाण त्या निकालावर अवलंबून राहील हे त्यांनाही पटले आहे. माझी आखणी आता अशी झाली आहे. दिल्लीपर्यंत विमान, पुढे गग्गल, आणि परतताना दिल्लीत एक मुक्काम. बीरमध्ये सहा रात्री. पोहोचल्याच्या दिवशी कुणी उडणार नाही. दुसऱ्या दिवशी मी केवळ टेक-ऑफवर जाऊन वारा पाहीन आणि चौगानच्या मैदानावर ग्राउंड हँडलिंग (जमिनीवरच ग्लायडर हाताळण्याचा सराव) करीन. त्यानंतरच्या दिवसांत मार्गदर्शकांनी होकार दिला तर सकाळचे सरळ उड्डाण. मधला एक दिवस बैजनाथ आणि अंद्रेट्टासाठी.

दोन शंका उरल्या आहेत. टँडेम चालवणारा विश्वासार्ह आहे हे तिथे उभे असताना कसे ओळखावे? आणि ग्लायडर विमानातून नेताना काय काळजी घ्यावी?

ऊर्ध्ववात :

आखणी चांगली आहे. एकच बदल सुचवतो. घरच्यांची टँडेम उड्डाणे शेवटच्या दोन दिवसांवर ढकलू नका. एखादा पश्चिमी झंझावात आला तर दोन-तीन दिवस पावसात जातात. पहिल्या स्वच्छ सकाळी त्यांची उड्डाणे उरकून घ्या, म्हणजे पुढे कुणाच्याही मनावर घाईचा ताण राहणार नाही. दुपारी अकरा ते दोन या वेळेत टेक-ऑफवर झुंबड असते आणि हवाही सर्वाधिक उसळती असते. आईंसाठी आणि मुलासाठी सकाळचीच वेळ मागून घ्या.

टँडेमविषयी. हिमाचलात व्यावसायिक टँडेमसाठी राज्याच्या एअरो स्पोर्ट्स नियमांनुसार पर्यटन विभागाकडे नोंदणी करावी लागते. वैमानिकाचे नोंदणीपत्र पाहायला मागा. जो सरळ दाखवतो तो बहुधा कामातही सरळ असतो. पैसे घेणारा वेगळा आणि उडवणारा वेगळा, असा प्रकार तिथे सर्रास असतो, म्हणून नोंदणी पाहायची ती प्रत्यक्ष उडवणाऱ्याची. दर साधारण अडीच ते साडेतीन हजारांच्या घरात असतात. फार स्वस्त सांगणाऱ्याकडे जाऊ नये. रिझर्व्ह (संकटकाळी उघडायचे) पॅराशूट कुठे बसवले आहे आणि ते शेवटचे कधी उघडून पुन्हा घडी केले, हे विचारा. सहा महिन्यांच्या आतले उत्तर यायला हवे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मांड्यांचे पट्टे. छातीचा पट्टा लावलेला असेल आणि मांड्यांचे राहून गेले असतील तर प्रवासी जमिनीवर उभा असताना सर्व काही ठीक दिसते आणि हवेत गेल्यावर तो हार्नेसमधून खाली सरकू लागतो. तुम्ही स्वतः वैमानिक आहात, तेव्हा आई, मुलगा आणि यजमान यांच्या प्रत्येक बकलला हात लावून, ओढून पाहा. दोन्ही मांड्या, छाती, दोन्ही मुख्य कॅराबिनर (हार्नेस ग्लायडरला जोडणाऱ्या कड्या) आणि हेल्मेटचा पट्टा. तिथला वैमानिक याला हरकत घेणार नाही, आणि घेतली तर दुसरा वैमानिक निवडा. मुलाच्या हातात सेल्फी स्टिक देऊ नका, ती दोऱ्यांत अडकते. गिरक्या नकोत, हे निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगा.

सामानाचे असे, की देशांतर्गत विमानात बहुधा पंधरा किलोच सामान विनाशुल्क नेता येते आणि ग्लायडर, हार्नेस, रिझर्व्ह, हेल्मेट मिळून वजन त्याच्या आसपास किंवा वरच भरते. जादा वजनाचे पैसे तिकिटासोबतच भरा. व्हेरिओ (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारे यंत्र), वॉकी-टॉकी आणि पॉवर बँक यांतल्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्या लागतात. रिझर्व्हचे हँडल बाहेरून दिसेल असे राहू देऊ नका. सामान हाताळताना कुणी ओढले तर बीरला पोहोचल्यावर पहिला दिवस ते पुन्हा घडी करण्यात जाईल.

भात कापणीचे दिवस असल्याने मैदानापर्यंत पोहोचता आले नाही तर कापून झालेलेच शेत निवडा, उभ्या पिकात उतरू नका, आणि शेत निवडताना आधी विजेच्या तारा शोधा. तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असेच समजावे. सोलो वैमानिकांनाही तिथे नोंदणी करून पास घ्यावा लागतो, तेव्हा तुमचे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, विम्याची प्रत, ओळखपत्र आणि छायाचित्रे यांचे दोन संच घेऊन जा.